खरे बोलून झाल्यावर निघून जायचे नसते

वानवडीहून एका भगिनीने पत्र पाठवून विचारले आहे, ते थोडक्यात असे. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. पुढे महिला मंडळाच्या सभेत हिशेब वाचला जात असताना वहीत लिहिलेल्या बोलींची बेरीज आणि प्रत्यक्ष जमा रक्कम यांत ४,३५० रुपयांचा फरक असल्याचे या भगिनींच्या लक्षात आले. गेल्या वर्षीही त्यांना अशीच शंका आली होती, तेव्हा त्या गप्प राहिल्या होत्या. या वेळी मात्र त्यांनी तिथेच उभे राहून, पंचवीस-तीस जणींसमोर, तो फरक बोलून दाखवला. अनेक वर्षे खजिनदार असलेल्या वडीलधाऱ्या बाई एक शब्दही न बोलता पर्स उचलून निघून गेल्या, आणि त्यानंतरचे सहा रविवार त्या उपासनेला आलेल्या नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर 'ताईंसाठी प्रार्थना करा' असा निरोप फिरला आणि मग प्रत्येकीने प्रत्येकीला कारण विचारले. भगिनींचे पती म्हणतात, गप्प बसायला हवे होते. भगिनी विचारतात, 'मी एक अक्षरही खोटे बोलले नाही. मग ख्रिस्ती माणसाने खरे बोलायचे, की लोकांना बरे वाटेल ते बोलायचे?' पत्राच्या अखेरीस दोन ओळींत त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. सासूबाईंना कर्करोगाचे निदान झाले आहे. घरातल्यांनी त्यांना 'पित्ताचा त्रास आहे' असे सांगून ठेवले आहे, आणि रोज रात्री गोळ्या देताना सासूबाई विचारतात तेव्हा भगिनींनाही तेच उत्तर द्यावे लागते.

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले. पहिल्यांदा वाचताना हिशेबाची गोष्ट मोठी वाटली आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन ओळी. एका ठिकाणी तुम्ही खरे बोललात आणि एक माणूस दुरावले. दुसऱ्या ठिकाणी एक माणूस दुखावू नये म्हणून सगळे घर खोटे बोलत आहे. पुण्यात आणि आसपासच्या मंडळ्यांत चौतीस वर्षे पाळक म्हणून काम केल्यावर, आणि त्यातला बराच काळ रुग्णभेटीत आणि घरगुती तंटे ऐकण्यात गेल्यावर, मला हे दोन प्रश्न एकाच मुळाचे वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

आपल्या शहरात स्पष्ट बोलण्याला मोठा मान आहे. 'मी जे काय ते तोंडावर बोलतो' हे वाक्य इथे स्वतःची ओळख म्हणून सांगितले जाते आणि त्याच्या पाठीशी 'स्पष्टवक्ता सुखी भवेत्' हे वचन उभे असते. या गुणाला मी कमी लेखत नाही. तोंडावर बोलणाऱ्यांमुळे मंडळी दुभंगल्याचे मी क्वचित पाहिले. पाठीमागे बोलणाऱ्यांमुळे दुभंगल्याचे अनेकदा पाहिले. परंतु त्या वचनात सुखी कोण होतो, हे एकदा नीट पाहा. बोलणारा सुखी होतो. त्याच्या मनावरचे ओझे उतरते आणि त्याला रात्री झोप लागते. ते ओझे ज्याच्या अंगावर पडले त्याचे पुढे काय झाले, हे ते वचन विचारत नाही. पवित्र शास्त्र बोलण्याविषयी काही सांगते तेव्हा त्याची नजर बहुतेक वेळा ऐकणाऱ्यावर असते.

इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय काढून समोर ठेवा. पंचविसाव्या वचनात, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की लबाडी टाकून देऊन प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याबरोबर खरे बोलावे. हे शब्द त्याने जखऱ्याच्या आठव्या अध्यायातून घेतले आहेत. तिथे, पुढच्याच वचनात, परमेश्वर म्हणतो की अशा लबाडीचा मला द्वेष आहे. पौलाला तेच कारण पुढे करता आले असते. त्याने मात्र स्वतःचे कारण जोडले: कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. खरे बोलायचे ते आपण एका शरीरात आहोत म्हणून.

या कारणाचा अर्थ मला कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात कळला. तरुणपणी मी तिथे भेटीला जात असे. एकदा एका आजोबांनी गरम चहाची किटली उघड्या हाताने बुडाशी धरून उचलली आणि माझ्या पेल्यात सावकाश चहा ओतला. त्यांच्या तळव्याची कातडी भाजत होती आणि चेहऱ्यावर काहीही नव्हते. या रोगात नसा बधिर होतात, जखम झाल्याचे कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांमुळेच पुढे बोटे झिजतात. वेदनेची खबर देणारी नस शरीरावर उपकार करत असते, हे मी त्या दिवशी शिकलो. ज्या मंडळीत कुणीच कुणाला काही सांगत नाही ती मंडळी शांत दिसते, पण ती शांती त्या आजोबांच्या तळव्यासारखी असते. म्हणून तुमच्या पतींचा सल्ला मला पूर्णपणे मान्य करता येत नाही. मात्र त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. नस खबर देते आणि जागेवरच राहते. हात भाजल्याचे सांगून ती हाताला सोडून जात नाही. हात बरा होईपर्यंत ठणका तीही सोसते. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे: खरे बोलण्याचा अधिकार त्याला असतो, जो बोलून झाल्यावर त्या माणसापाशी थांबायला तयार असतो.

याच अध्यायाचे पंधरावे वचन आपण 'प्रीतीने सत्य बोलावे' असे तोंडी म्हणतो, पण आपल्या मराठी शास्त्रात शब्द आहेत 'प्रीतीने सत्याला धरून'. मूळ ग्रीक क्रियापदही नुसत्या बोलण्यापुरते नाही. सत्याने वागणे, सत्यात राहणे असा त्याचा विस्तार आहे. धरणे हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. जे धरले आहे ते फेकता येत नाही, आणि आपण पुष्कळदा सत्य समोरच्याच्या तोंडावर फेकतो. फेकले की आपला हात मोकळा होतो.

एकोणतिसाव्या वचनातले 'कुजके भाषण' हे शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकले असतील. आपण त्याचा अर्थ शिवीगाळ, अचकट विचकट बोलणे एवढाच घेतो. पौलाने वापरलेला 'साप्रोस' हा शब्द शुभवर्तमानात नासक्या झाडासाठी आणि जाळ्यातून निवडून टाकून दिलेल्या माशांसाठी आला आहे. आता पाहा, कुजलेला मासा कधीतरी ताजा असतो. सकाळी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून आणलेला बांगडा ओट्यावर तसाच राहिला तर संध्याकाळी घरात उभे राहवत नाही. मासा तोच असतो, फक्त तो वेळेवर शिजवलेला नसतो. खऱ्या गोष्टीचेही असेच होते. तुम्हाला शंका गेल्या वर्षी आली होती. तेव्हा ती ताजी होती, दोघींच्या चहाच्या वेळी पाच मिनिटांत विचारता आली असती. तुम्ही ती वर्षभर मनात ठेवली, आणि मनात ठेवलेली शंका नुसती पडून राहत नाही. त्या बाईंच्या प्रत्येक वागण्याला ती चिकटते. सभेत तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा ४,३५० रुपयांच्या आकड्याबरोबर ते वर्षही बोलले, आणि मला वाटते की त्या बाईंनी आकड्यापेक्षा तेच जास्त ऐकले. राग घेऊन सूर्य मावळू देऊ नका, हे सव्विसावे वचन या दोन वचनांच्या मध्ये उगाच आलेले नाही.

हाच क्रम जुन्या करारात लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि तो मी समुपदेशनाला येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावतो. सोळाव्या वचनात आज्ञा आहे की लोकांमध्ये चहाड्या करत फिरू नकोस. सतराव्यात आज्ञा आहे की मनात भावाचा द्वेष करू नकोस, आपल्या शेजाऱ्याची कानउघाडणी अवश्य कर. आणि अठराव्यात ते वचन येते, जे प्रभू येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितले: आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. लागोपाठची तीन वचने आहेत. शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आज्ञा आपण भिंतीवर लावतो, पण तिच्या आधीची पायरी म्हणजे त्याच्याकडे जाऊन बोलणे, आणि त्याच्या आधीची पायरी म्हणजे इतरांकडे जाऊन न बोलणे.

मी हे सगळे शहाणपणाने शिकलो असतो तर बरे झाले असते. माझी दुसरीच नेमणूक होती. मंडळीतला एक गृहस्थ, रेल्वेत नोकरीला, पगाराच्या आठवड्यात पिऊन घरी जात असे आणि त्याची पत्नी माझ्या पत्नीजवळ रडली होती. एका रविवारी मी दारूवर उपदेश केला. नाव घेतले नाही. पण पगाराचा दिवस, रेल्वेची वसाहत, शाळेची फी थकलेली मुलगी, हे सगळे घेतले. तिसऱ्या बाकावर तो बसला होता. त्याने गीतांचे पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि शेवटपर्यंत त्याच्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिला. उपासना सुटल्यावर दारात मी हात मिळवायला उभा होतो. त्याने हात मिळवला आणि शांतपणे म्हणाला, "पाळकसाहेब, घरी आला असतात तर चहा तरी पाजला असता." त्यानंतर तो आला नाही.

मी त्याच्या घरी गेलो, पण तीन वर्षांनी गेलो, कारण तीन वर्षे मी स्वतःला हेच सांगत होतो की मी खोटे काही बोललो नाही. तोपर्यंत त्याची दारू सुटली होती; त्याला दर आठवड्याला सोबत करणारा त्याच्याच खात्यातला एक मित्र त्याला मिळाला होता. त्याने मला खरोखरच चहा दिला. मी क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही बोललात ते खरंच होतं. पण ते तुम्ही मला नाही सांगितलं, माझ्याबद्दल लोकांना सांगितलं." हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने जो नियम घालून दिला, की भावाने अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याला दाखव, तो मी उपदेशात कितीतरी वेळा सांगितला होता. त्या वचनाचा शेवट आहे, त्याने ऐकले तर तू आपला भाऊ मिळवलास. तिथे मिळवायचा असतो तो भाऊ, आणि मी मात्र त्या रविवारी मुद्दा मिळवला होता.

पंचहौद मिशनातल्या चहाची गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात कधी ना कधी निघते. १८९० साली गुरुवार पेठेत मिशनच्या आवारात शहरातील मान्यवर मंडळी जमली आणि मिशनऱ्यांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला; त्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पुढे गोपाळराव जोशींनी नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि परधर्मीयांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. आपण ही गोष्ट समाजसुधारणेच्या इतिहासात सांगतो. मला ती बोलण्याच्या संदर्भातही आठवते. लोक तिथे गेले होते, ही गोष्ट खरीच होती. पण ती ज्या रीतीने बाहेर आली तिने कुणाला धीर दिला नाही की कुणाची समजूत वाढवली नाही. सगळ्या शहराने एकमेकांकडे बोटे दाखवली. खरी माहिती छापून, सांगून, गटावर टाकून मोकळे होणे हे फार जुने आहे.

याच्या उलट नाथान संदेष्टा. दावीद राजाने उरीयाला मारवले आणि त्याची पत्नी बथशेबा हिला घरात आणले, तेव्हा नाथान दरबारात कुजबुजत फिरला नाही. तो राजापुढे गेला, गरीब माणसाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली, राजाच्या तोंडूनच न्याय वदवून घेतला आणि मग म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. आपले उपदेश बहुधा इथेच संपतात. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तोच बारावा अध्याय पुढे वाचा. पहिले मूल दगावते, घर दुःखात बुडते, मग शलमोन जन्माला येतो, आणि परमेश्वर त्या बाळासाठी 'परमेश्वराला प्रिय' अशा अर्थाचे नाव पाठवतो, ते नाथानाच्याच हातून. ज्या तोंडाने दोष दाखवला त्याच तोंडाने बारशाचे नाव आणले. पुढे दावीद म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, तेव्हाही नाथान राजवाड्यात आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात बथशेबेपासून झालेल्या दाविदाच्या मुलांची नावे दिली आहेत, त्यांत एकाचे नाव नाथान आहे. शास्त्र त्याचे कारण सांगत नाही. पण ज्याने आपल्याला असे बोलून दाखवले त्याचे नाव घरात रोज हाक मारायला ठेवावेसे वाटणे, हे मला अशक्य वाटत नाही.

आता हिशेबाविषयी, कारण तो प्रश्न दयाळूपणाच्या नावाखाली झाकून ठेवायचा नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीविषयी पौल लिहितो. ती रक्कम तो एकट्याच्या हाती घेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत असतो, कारण प्रभूच्या दृष्टीने योग्य तेच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही योग्य तेच करण्याकडे त्याचे लक्ष आहे. महाराष्ट्रातली मंडळी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या अधिनियमानुसार हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे हे तसेही बंधनकारक आहे. तेव्हा फरकाचा उलगडा झालाच पाहिजे. मात्र लिलावाच्या हिशेबांचा मला जो अनुभव आहे, तो असा की हा फरक बहुधा उधारीचा असतो. उत्साहात भोपळ्याची बोली पाचशेपर्यंत चढते, नाव वहीत लिहिले जाते, आणि पैसे 'पुढच्या रविवारी देते' म्हणून राहून जातात. खजिनदारबाई ओळखीच्या माणसाकडे तगादा लावायला लाजतात. ही ढिलाई आहे आणि ती दूर करायला हवी, पण ढिलाई आणि अफरातफर यांत फार अंतर आहे, आणि पंचवीस जणींसमोर नुसता आकडा उच्चारला की ऐकणाऱ्या बायका ते अंतर ठेवत नाहीत. सभेत उघडपणे बोलण्याची वेळ कधीच येत नाही असेही मी म्हणत नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठून दूर राहू लागला तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला विरोध केला, कारण पेत्राचे वागणे सर्वांसमक्ष होते आणि त्याचे पाहून इतरही ओढले जात होते. एकांतात विचारून झाले, दोघा-तिघांना घेऊन विचारून झाले, आणि तरीही पैशाचा पत्ता लागला नाही, तर तो विषय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीपुढे उघडपणे मांडणे हे तुमचे कर्तव्यच ठरते. तुम्ही पहिल्या पायरीऐवजी शेवटच्या पायरीवरून सुरुवात केलीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून तुम्ही आता त्यांच्या घरी जा. फोन नको, संदेश नको, सोबत मैत्रीण नको आणि पतीही नकोत. रविवार टाळा, कारण रविवारी त्यांच्या घरी मुले-सुना असतील. दार उघडल्यावर पहिले वाक्य क्षमेचे असू द्या, आणि त्या वाक्यात 'जर' हा शब्द येऊ देऊ नका. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असे म्हटले की चूक त्यांच्या वाटण्यात आहे असा अर्थ होतो. 'मी चारचौघींत बोलले, आधी तुमच्याकडे यायला हवं होतं, चुकलं माझं' एवढे पुरे आहे. त्या बोलल्या तर ऐकून घ्या. याकोबाने ऐकण्यास तत्पर आणि बोलण्यास मंद असावे असे लिहिले ते अशाच बैठकीसाठी. त्या रागावतील, कदाचित वर्षानुवर्षे केलेल्या कामाची सगळी यादी ऐकवतील. ती यादी खरी आहे, ती पूर्ण ऐका. मग, त्याच दिवशी शक्य नसेल तर दुसऱ्या भेटीत, म्हणा की वही आणि पावती पुस्तक घेऊन आपण दोघी बसू, आणि ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांच्याकडे मीही तुमच्याबरोबर येते. हिशेबाचा मुद्दा मागे घेऊ नका. तो मागे घेतलात तर तुमची क्षमायाचना म्हणजे फक्त गोड बोलणे होईल, आणि त्या बाईंनाही ते कळेल. ज्या सभेत तुम्ही बोललात, त्याच सभेत पुढच्या महिन्यात उभे राहून आपली चूक सांगणेही तुमच्याकडे उरते. जखम चारचौघींत झाली, ती घरातल्या घरात पूर्ण भरत नाही.

गटावरच्या प्रार्थनेच्या निरोपाविषयी थोडेच लिहितो. 'प्रार्थनेचा विषय' या नावाखाली आपल्या मंडळ्यांत जितकी चहाडी चालते तितकी इतर कोणत्याही नावाखाली चालत नसेल. माझा साधा नियम आहे: ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारायचे, आणि विचारता येत नसेल तर ती विनंती देवाकडे एकट्याने करायची. देवाला तपशील माहीत असतात.

आता सासूबाई. इथे तुम्ही एकटीने काही करू नका, असे मी आधीच सांगतो. तुमच्या पतींना आणि दिरांना न विचारता तुम्ही आईला निदान सांगितलेत, तर ते सभेतल्या त्या संध्याकाळीसारखेच होईल. पण म्हणून 'पित्ताचा त्रास' चालूच ठेवावा असेही मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते एका रुग्णालयातल्या दुपारीवरून सांगतो.

एका निवृत्त शिक्षकांना फुप्फुसाचा कर्करोग होता. मुलाने मला जिन्यातच अडवून सांगितले, "बाबांना काही माहीत नाही, तुम्ही बोलू नका." मी खोलीत गेलो. शिक्षक उशीला टेकून संत्र्याची फोड सोलत होते, त्यावरचे पांढरे दोरे एकेक करून काढत होते. मुलगा औषध आणायला खाली गेला तेव्हा त्यांनी फोड बशीत ठेवली आणि विचारले, "पाळकसाहेब, माझ्या फायलीवर काय लिहिलंय?" मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. बायोप्सी कशाची करतात ते मला कळतं. पण मला माहीत आहे हे मुलाला कळलं तर तो खचेल. म्हणून मी विचारत नाही." एकाच खोलीत बाप मुलासाठी अजाण राहत होता आणि मुलगा बापासाठी. दोघेही एकमेकांवर जीव टाकणारे, आणि त्या जिवापायीच दोघेही एकटे. त्यांना गावच्या जमिनीच्या वादात तुटलेल्या भावाला भेटायचे होते, पण 'आताच का' असा प्रश्न येईल म्हणून ते नाव काढत नव्हते. मी त्यांची परवानगी घेतली, मुलाला बोलावले आणि दोघांच्या मध्ये बसलो. मी फार काही बोललो नाही. मुलगा रडला, मग वडिलांनी त्याला संत्र्याची ती फोड दिली. भाऊ तीन दिवसांनी येऊन भेटला.

तुमच्या सासूबाई रोज रात्री विचारतात, असे तुम्ही लिहिले आहे. जो पित्तावर विश्वास ठेवतो तो रोज विचारत नाही. म्हणून प्रथम पतींना आणि दिरांना हे सांगा की आई विचारते आहे, आणि रोज खोटे उत्तर देणे मला जमत नाही. मग तिघांनी मिळून डॉक्टरांना भेटा आणि आजार कुठवर आला आहे, पुढे काय करता येण्याजोगे आहे, वेदना कशा आटोक्यात ठेवता येतील, हे स्वतः समजून घ्या, कारण सांगणाऱ्यालाच ते माहीत नसले तर ऐकणाऱ्याच्या पुढच्या प्रश्नाला पुन्हा खोटे उत्तर द्यावे लागते. त्यानंतर सासूबाईंनाच विचारायचे आहे की आजाराविषयी त्यांना किती जाणून घ्यायचे आहे. काही माणसे सगळे विचारतात, काही म्हणतात 'ते तुम्ही पाहा, मला फक्त दुखू देऊ नका', आणि दोन्ही उत्तरे मान ठेवण्यासारखी आहेत. सगळे सत्य एकाच दिवशी सांगितले पाहिजे असा नियम नाही. प्रभू येशूनेही शेवटच्या रात्री शिष्यांना म्हटले की मला अजून पुष्कळ सांगायचे आहे, पण आता ते तुम्हाला सोसवणार नाही. तो थांबला, पण थांबलेल्या जागी त्याने खोटे ठेवले नाही. कर्करोग हा शब्द आज न उच्चारणे आणि पित्त हा शब्द उच्चारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज रात्री गोळ्या देताना त्यांनी विचारले, आणि घरातले बोलणे अजून झालेले नसेल, तर तुम्ही एवढे म्हणू शकता: "आई, आजार साधा नाही. डॉक्टरांना पुन्हा नीट विचारून आम्ही सगळे तुमच्याशी बोलणार आहोत. मी इथेच आहे." मग उठून स्वयंपाकघरात जाऊ नका. पाण्याचा पेला हातात घेऊन थोडा वेळ त्यांच्या कडेला बसा. त्या काही विचारतील किंवा विचारणार नाहीत. कदाचित त्या उद्याच्या भाजीविषयी बोलतील. बोलू द्या.

घरात तो दिवस ठरला आणि सोबत कुणी असावे असे वाटले, तर मला कळवा. मी घोरपडीत राहतो, वानवडी लांब नाही, आणि निवृत्त झाल्यापासून माझ्या दुपारी मोकळ्याच असतात.